कंपनीनं दिलेला पासवर्ड

भूगावच्या रस्त्याला अण्णासाहेबांचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून माझं झेरॉक्सचं. अठरा वर्षं हा माणूस माझ्या वाट्याला शेजारी म्हणून आलेला. तेव्हा पुढं जे सांगतो त्यात चिमूटभर मीठ माझं असेल, बाकी माल त्यांचाच.

अण्णासाहेब नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढत नाहीत. गल्ल्यामागची खुर्ची सात वर्षांची झाली, तरी बसले की चरचर वाजते. टीव्हीच्या रिमोटला पिशवी, फ्रिजवर स्टिकर, मोटारीच्या सीटला कव्हर आणि कव्हरवर पुन्हा प्लास्टिक. "कंपनीनं दिलंय तसं ठिवायचं. हात लावला की ग्यारंटी गेली." एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. आशालतावहिनी एवढी वर्षं या माणसाबरोबर कशा टिकल्या ते ती कंपनीच जाणे.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी कॅमेरे बसवले. एक गल्ल्यावर, एक आतल्या खोलीत, दोन्ही आवाजासकट. पौडचा झीशान आला होता बसवायला. शांत, कामाला चोख. जाताना म्हणाला, "अण्णा, मशिनवर स्टिकर आहे बघा, एक ते सहा आकडे. तो पासवर्ड सगळ्या मशिनला सारखाच असतो. आजच बदलू. आणि गिऱ्हाइकांचं वायफाय वेगळं करून देतो. कॅमेरा त्याच्यावर नको."

"पासवर्ड कुनी दिलाय?"

"कंपनीनं."

"मग त्यो बदलनारा मी कोन?"

वायफायचा पासवर्ड तर त्यांनी दुकानाच्या खांबावर ऑइलपेंटनं रंगवून घेतला होता. सिमेंट भरेपर्यंत गिऱ्हाईक टेकावं म्हणून.

"अहो, या वायफायवर बसलेला कुणीही आत बघेल," झीशान म्हणाला.

"बगू दे की. कॅमेरा हाय म्हटल्यावर चोर भिऊन पळंल."

चोर पळाला की नाही माहीत नाही. आम्ही मात्र चांगले मांडी ठोकून बसलो.

समोर शंभूची चहाची टपरी आहे. अण्णांचं वायफाय तिथवर येतं. एका दुपारी शंभू मोबाइलवर काहीतरी खटपट करत होता, तर अण्णांचा कॅमेरा आपणहून यादीत आला. त्यानं एक, दोन, तीन करत सहापर्यंत आकडे दाबले. पडद्यावर अण्णासाहेब! आतल्या खोलीत, वाटीत रंग कालवून मिशीला लावत होते.

त्या दिवसापासून शंभू, मी आणि टपरीवरचे रोजचे चौघे, अशा आम्ही सहा जणांनी टीव्ही बघणं सोडलं. देवाच्या फोटोमागं पेढ्याचा पुडा होता. शुगर असलेले अण्णा आधी देवाला हात जोडत आणि मग मागं हात घालत. व्यापारी मंडळाच्या अध्यक्षपदावर त्यांचा डोळा होता, म्हणून रोज चार वाजता सिमेंटच्या गोण्यांपुढं भाषण. "बंधूंनो आणि भगिनींनो" म्हणून थांबायचे, टाळ्यांसाठी.

बघून गप्प बसलो असतो तर आम्ही सज्जन ठरलो असतो. चहाला आले की कुणीतरी म्हणायचं, "अण्णा, भगिनींवर जरा जोर कमी पडतोय." नाहीतर मी म्हणायचो, "आज पेढे दोन की तीन?"

अण्णा पांढरे पडायचे. आतल्या खोलीत त्यांच्याशिवाय एकच माणूस जायचा. भिकू.

भिकू मुठा गावचा. एकोणीस वर्षं दुकानात. कुठल्या खणात अर्ध्या इंचाचा नळ आणि कुठल्यात पाऊण इंचाचा, हे अंधारात हातानं सांगेल. साठी ओलांडली होती. बोलणं इतकं कमी की गिऱ्हाइकाला वाटावं, मुका आहे.

एक दिवस अण्णा त्याला दंडाला धरून टपरीवरच घेऊन आले. "सांग, ह्यांना काय काय सांगतुयास?"

"अण्णा, म्या काय बी सांगितलं न्हाई."

"मग ह्यांना सपान पडतंय व्हय?"

भिकूनं खिशातला बटणांचा मोबाइल काढून पुढं केला. "बगा. ह्याच्यात फोटू बी निघत न्हाई."

"तोंड हाय ना तुला! चावी ठिव. उद्यापासनं येऊ नगंस. ह्याच्या त्याच्यापुढं मला नागवा केलास."

भिकूनं आमच्याकडं बघितलं. एकेकाकडं, सावकाश. आम्ही सहा जण होतो आणि सहाही जणांच्या खिशात मोबाइल होता. शंभू ग्लास विसळायला लागला. मी चहात बिस्कीट बुडवलं, ते तुटून तळाला गेलं. कुणी बोललं नाही. बोललो असतो तर कार्यक्रम बंद पडला असता, खरं कारण एवढंच. तो चावी ठेवायला आत गेला तेव्हा शंभूनं मोबाइलचा आवाज वाढवला. पण तो आत काहीच बोलला नाही. डबा घेतला, खण नीट लावले आणि गेला.

पंधरा दिवसांनी कॅमेऱ्याचं चित्र अडकायला लागलं, म्हणून झीशान आला. मशीन उघडून म्हणाला, "अडकेल नाहीतर काय? सहा जण बाहेरून बघताहेत. आत्ता, या घडीला." नंतर त्यानं पासवर्ड बदलला आणि वायफाय दोन केले. एक दुकानाचं, एक गिऱ्हाइकांचं. काम वीस मिनिटांचं.

अण्णा टपरीवर आले. शिव्या देतील वाटलं होतं. ते फक्त मला म्हणाले, "गाडी काढ. मुठ्याला जायचंय."

भिकू एका बंगल्याच्या गेटवर वॉचमन म्हणून बसला होता. पायापाशी पाण्याची बाटली. अण्णांनी सगळं सांगितलं, हात जोडले. "चल बाबा. दुकान तुझ्याबिगर चालंना."

भिकूनं त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि मान माझ्याकडं वळवली. "तुमी बी बगत व्हता?"

"व्हतो."

"पयल्यापासनं?"

"व्हय."

"म्हंजी मला हाकललं तवा सगळ्यास्नी ठावं व्हतं, म्या न्हाई त्ये."

अण्णा म्हणाले, "त्यांचं सोड. मी चुकलो."

"तुमी चुकलासा, अण्णा. ह्ये चुकलं न्हाईत." तो उठला. "आनि मला त्याच टपरीसमोर उभं ऱ्हायला लागनार. नगं."

मागून पुण्याच्या पाव्हण्यांची मोटार आली, हॉर्न वाजला. भिकू गेट उघडायला गेला आणि जाता जाता, कुणाही परक्याला सांगावं तसं, आम्हाला गाडी बाजूला घ्यायला सांगितलं.