धाकट्या जावेसारखं पॅनल

सांगलीजवळच्या समडोळीच्या बस्तीत, म्हणजे तिथल्या जैन मंदिरात, पर्युषणाचं प्रवचन चालू असताना लाईट गेली की बायकांच्या रांगेत राजमती ताडकन उठायची. पदर खोचायची आणि बसलेल्यांच्या गुडघ्यांमधून वाट काढत बाहेर पळायची. तिच्या शेजारी बसलेली धाकटी जाऊ ब्राह्मी मात्र डोळे मिटून जागची हलायची नाही.

राजमती आणि तिचा नवरा पायगोंडा यांचं गावात दूध संकलन केंद्र होतं. दूध थंड ठेवायची स्टीलची मोठी टाकी होती आणि लाईट गेली तर जनरेटर होता. पण तो हँडल मारून चालू करावा लागे आणि मग भिंतीवरचा दांडा ओढून टाकी त्याच्यावर घ्यावी लागे. पायगोंडाचा खांदा निखळल्यापासून हे काम राजमतीच्या वाट्याला आलं होतं. दोन्ही हातांनी हँडल फिरवून फिरवून ती घामाघूम व्हायची.

रस्त्यापलीकडे धाकटा दीर आर्जव आणि ब्राह्मी यांचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज होतं. तिथं कपाटाएवढं ऑटोमॅटिक पॅनल बसवलेलं होतं. लाईट गेली की ते आपणहून जनरेटर चालू करी, आणि लाईट आली की आपणहून बंद करी. राजमती इकडे हँडलशी झटत असायची तेव्हा पलीकडचा जनरेटर कधीच सुरू झालेला असायचा. त्याचा आवाज तिला टोमण्यासारखा लागायचा.

दुखणं नुसतं पॅनलचं नव्हतं. घर वेगळं झालं तेव्हा सासूबाई बनुबाई, ज्यांना दोघी जावा 'आत्ती' म्हणत, धाकट्या सुनेकडे राहायला गेल्या. राजमतीनं चुलीपुढं त्यांच्या हाताखाली पंचवीस वर्षं काढली होती. त्या वर्षीच्या पर्युषणात ती हात पुसत बस्तीत परत आली, तेव्हा बनुबाई शेजारणीला म्हणत होत्या, "ब्राह्मीचं बरं हाय बाई. देवाचं नाव तरी निवांत घेती."

त्या दिवशी सूर्यास्ताआधीचं जेवण राजमतीनं तसंच झाकून ठेवलं.

"आपल्याला पन तसलं पॅनल पायजे," तिनं सकाळी पायगोंडाला सांगितलं.

"मग ब्राह्मीला इचार की, कुनाकडनं केलं ते."

"तिला इचारायचं? त्यापरीस मी जलमभर हँडल मारीन."

ब्राह्मीचं पॅनल कुपवाडला झालं होतं, एवढं गावाला ठाऊक होतं. म्हणून कुपवाड नको, मिरज नको, सांगलीतला कुणीच नको. शेवटी दुधाच्या टँकरवाल्यानं साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या चिंतामण गोडबोल्यांचं नाव सांगितलं आणि नवराबायको एसटीनं साताऱ्याला गेले.

चिंतामणराव सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी दोघांना बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "जनरेटर केवढा आहे? टाकीचा कंप्रेसर किती हॉर्सपॉवरचा?"

पायगोंडा आठवून सांगू लागला, तेवढ्यात राजमती म्हणाली, "आमच्या समोर एक पॅनल हाय. माझ्या उंचीचं. त्याच्यापरीस थोरलं पायजे."

"समोर काय चालतं त्याच्यावर?"

"कोल्ड स्टोरेज."

"मग त्यांना तेवढं लागणारच. तुमचं काम एवढ्यात होईल." त्यांनी हातानं प्रवासी बॅगेएवढं माप दाखवलं. "पॅनलपेक्षा आधी जनरेटरचं बघा. तुमचा हँडलचा आहे. पॅनल काही हँडल मारणार नाही. त्याला सेल्फ स्टार्टर आणि चांगली बॅटरी बसवा. मग हे छोटं पॅनल तुम्हाला पुष्कळ झालं."

राजमतीचा चेहरा पडला. एवढ्या लांब येऊन बॅगेएवढी पेटी घेऊन जायची आणि ती ब्राह्मीनं बघायची.

"थोरल्या कपाटात बसवून द्या," ती म्हणाली.

"आतलं सामान तेवढंच असेल हो. बाकी कपाट रिकामं राहील."

"राहू दे."

चिंतामणरावांनी पायगोंडाकडे पाहिलं. पायगोंडा छताच्या पंख्याकडे बघत होता.

दिवाळीच्या आसपास पॅनल आलं. उंच, करड्या रंगाचं, दारावर हिरवा आणि तांबडा दिवा. जोडणी करायला चिंतामणराव स्वतः आले होते. त्यांनी दार उघडून राजमतीला दोन बटणं दाखवली. "हे पहिलं. लाईट गेल्यावर लगेच जनरेटर चालू करायचा नाही, थोडं थांबायचं. नाहीतर लाईट नुसती लुकलुकली तरी इंजिन चालू होईल. आणि हे दुसरं. लाईट परत आली तरी ती टिकते का बघायचं, मगच जनरेटर सोडायचा. मी दोन्ही बरोबर लावलीत. हात लावू नका."

पहिल्यांदा लाईट गेली तेव्हा राजमती मुद्दाम अंगणात येऊन उभी राहिली. पलीकडचा जनरेटर सुरू झाला. तिचा अजून गप्पच. तिनं ओठ आवळले. मग तिचाही सुरू झाला, टाकी चालू झाली, कुणाला पळावं लागलं नाही. पण मागून झाला. लाईट आल्यावर पलीकडे शांत झालं, तरी तिचा आपला धडधडत राहिला. शेजारची शालूबाई कुंपणावरून म्हणाली, "तुमचं जरा दमानं चालतंय व्हय?"

दुपारी पायगोंडा झोपल्यावर राजमतीनं कपाट उघडलं आणि दोन्ही बटणं पार खालच्या टोकाला फिरवली.

त्यानंतर तिचा जनरेटर नेहमी पहिला वाजू लागला. पुढचे काही महिने तिचे फार सुखात गेले. बस्तीत लाईट गेली तर तीही डोळे मिटून बसे. मात्र कान रस्त्याकडे असत.

वैशाखात एका संध्याकाळी वळीव सुटला. धूळ उडाली, आंब्याच्या फांद्या तारांवर आपटू लागल्या. दुधाचं संकलन नुकतंच आटपून टाकी काठोकाठ भरली होती. लाईट गेली, जनरेटर चालू झाला. लाईट आली, तो बंद झाला. पुन्हा गेली, पुन्हा आली. असं कितीदा झालं याची गणतीच राहिली नाही. कंप्रेसर दर वेळी घरघर करून बंद पडे. शेवटी लाईट गेली ती गेलीच, आणि जनरेटरनं नुसतं टक् टक् केलं. सारखं चालू होऊन होऊन बॅटरी उतरली होती. स्टार्टर बसवताना हँडल काढून टाकलेलं.

पायगोंडा एका हातानं टॉर्च धरून चिंतामणरावांना फोन लावत होता, फोन लागत नव्हता. गावच्या निम्म्या घरांचं दूध त्या टाकीत होतं. राजमती उंबऱ्यात उभी होती. पलीकडचा जनरेटर एकसारखा चालू होता.

"आवं, ब्राह्मीला हाक मारू का?" असं ती म्हणाली, तेव्हा पायगोंडाला आधी ते खरंच वाटलं नाही.

पण हाक मारायची वेळच आली नाही. ब्राह्मी पावसातून आपणच आली, डोक्यावर पोतं घेऊन. मागं आर्जव ट्रॅक्टरची बॅटरी आणि वायरी घेऊन.

"अक्का, तुमचा आवाज बंद झाला म्हनून आले," ती म्हणाली.

तिनं पॅनलचं दार उघडलं. टॉर्चचा उजेड आत पडला. एवढ्या मोठ्या कपाटात एका कोपऱ्यात थोडं सामान, बाकी सगळं रिकामं. राजमतीला वाटलं, जमीन फाटावी. ब्राह्मीनं आत नीट बघितलं.

"मोकळं हाय ते बरं केलं," ती म्हणाली. "आमच्यात हात जात न्हाई." मग तिची नजर बटणांवर गेली. "ही कुनी फिरवली?"

राजमती आर्जवच्या हातातल्या वायरी बघू लागली.

ब्राह्मीनं दोन्ही बटणं मागं घेतली. "मी पन असंच केलतं पहिल्या उन्हाळ्यात. म्हनलं, लवकर चालू झालं तर बरं. मोटार जळाली. किती बेदाना काळा पडला, कुनाला सांगितलं न्हाई. आत्तींना सुदिक."

हे ऐकून राजमतीला आधी बरं वाटलं. ब्राह्मीचा बेदाणा काळा पडला होता, याचं तिला खरोखर बरं वाटलं. मग ते वाटलं म्हणून तिची तिलाच शरम वाटली आणि ती तोंड फिरवून उगाच टाकीचं झाकण पुसू लागली.

आर्जवनं वायरी जोडल्या. जनरेटर सुरू झाला. पॅनलनं थोडं थांबून टाकी घेतली, आणि या वेळी कंप्रेसर चालू राहिला. दूध वाचलं.

बाहेर अंधार पडला होता. सूर्य मावळल्यावर दोन्ही घरांत कुणी तोंडात काही घालत नसे, त्यामुळं चहाचं विचारायचीही सोय नव्हती.

"सकाळी ये चहाला," राजमती म्हणाली. "आत्तींना बी घिऊन ये."

सकाळी ब्राह्मी एकटीच आली, बनुबाईंचे गुडघे धरले होते. चहाचा कप उचलताना तिच्या हातातल्या नव्या पाटल्या राजमतीला दिसल्या. तिनं बशीत चहा ओतला, पण नजर पाटल्यांवरच राहिली.

"कुठं केल्यास गं?" तिनं विचारून टाकलं.

"सांगलीत. घालून बगा की." ब्राह्मीनं एक पाटली उतरवून तिच्या हातात दिली.

हँडल मारून मारून राजमतीचे हात जाड झाले होते. पाटली अंगठ्याच्या हाडापाशी येऊन अडकली. ती उठली आणि मोरीतून साबण घेऊन आली.