सुंभ

ओल्या सुंभाचा वास आला की आमच्या मंडळानं केलेला तो सत्कार आठवतो. गावात कुणीही वारलं की उसाला पाणी द्यायचं अर्धवट टाकून तिरडी बांधायला येणाऱ्या गावातल्या म्हाताऱ्या बाबांना आम्ही स्टेजवर बोलावलं होतं. पाहुणे शाल घेऊन पुढं झाले, तेवढ्यात मी, मंडळाचा अध्यक्ष, माइकवर म्हणालो, "बाबा, पावण्यांचं माप घेऊ नका, त्यांना लई टाइम हाय!" अख्खा मांडव हसला. पाहुण्यांनी शाल लांबूनच हातात दिली. बाबाही हसले आणि शाल खुर्चीवर ठेवून निघून गेले. परवा माझे वडील गेले, तर बोलवायच्या आधीच बाबा बांबू घेऊन दारात उभे. शेवटची गाठ मारताना त्यांनी सुंभाचं टोक माझ्या हातात दिलं. "शिकून घ्या, अध्यक्ष. माझं माप तुमालाच घ्यायचंय."