काट्यांवरचं रेडियम

घड्याळाचं मागचं झाकण काढलं, मशीन बाहेर घेतलं, डायल वळवून पाहिलं आणि हातातला चिमटा खाली ठेवला. काळ्या डायलवरचे पिवळे आकडे कुणीतरी खरवडून काढले होते. तीन आणि चार तेवढे अर्धे उरले होते. दोन्ही काट्यांवर हिरवी पट्टी चिकटवली होती, मोटारसायकलच्या मडगार्डवर चिकटवतात तसली.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"मीच की, मावशी. लाईट मारून बघा, लई चमकतंय," संतोष म्हणाला. "फक्त चालू करून द्या आता."

संतोषचं गारखेड्यात रेडियमचं दुकान होतं. म्हणजे नंबर प्लेट, रिक्षावरची नावं, ट्रकवरचे वाघ असं सगळं तो कापून द्यायचा. त्या चमकणाऱ्या स्टिकरला आमच्याकडं सगळे रेडियमच म्हणतात, दुकानांच्या पाट्यांवरही तेच असतं. संतोषचं घराणं मेंढरं राखणाऱ्यांचं. आजा मात्र फौजेत गेला. त्याच्या ट्रंकेत खिशातलं घड्याळ सापडलं आणि तेव्हापासून या पोराला फौजी घड्याळांचा नाद लागला. आज्याचं त्यानं जपून ठेवलं होतं. हे दुसरं होतं, भंगारवाल्याकडून घेतलेलं.

माझं दुकान उस्मानपुऱ्यात. आधी सासऱ्यांचं, मग नवऱ्याचं, मग माझं. मी चौथीपर्यंत शाळा शिकले, बाकीचं या टेबलावर.

फौजेचं घड्याळ ओळखायला सोपं. पाठीवर बाणाचा शिक्का आणि खाली नंबर असतो. बाण म्हणजे सरकारी माल. पोलीस ॲक्शननंतर निझामाची फौज मोडली, शिपाई आपापल्या गावी आले आणि त्यांच्याबरोबर अशी घड्याळंही आली. आपण कुठं नोकरीला होतो ते कळायला नको म्हणून काहींनी पाठीवरचे शिक्के कानशीनं घासून टाकले. सासऱ्यांनी तशी पुष्कळ दुरुस्त केली. आता हौशी लोक त्याच शिक्क्यासाठी गावोगाव फिरतात.

या घड्याळांत रात्री वेळ दिसावी म्हणून आकड्यांवर आणि काट्यांवर चमकणारा रंग असायचा. तो खऱ्या रेडियमचा. सासऱ्यांचा त्याबद्दल नियम होता. असलं डायल कोरडं खरवडायचं नाही, फुंकायचं नाही, ओल्या फडक्यानं टिपायचं आणि पोरांना टेबलाजवळ येऊ द्यायचं नाही. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांना कुणा साहेबानं सांगितलं असेल. एवढंच म्हणायचे, अंगाला वाईट असतं.

"खरवडलं कशानं?"

"ब्लेडनं."

"कुठं बसून?"

"घरीच. दुकानात गिऱ्हाईक बसू देत नाय. गोधडी अंथरली अन् बसलो."

"भुगा निघाला असेल."

"निघाला की. फुंकला. मावशी, तुम्ही फौजदारासारखं इचारायला लागल्या."

"गोधडी कुणाची?"

"पोरीची. आता रांगाय लागलीय ना, तिला तीच लागती."

मी म्हटलं, "संतोष, घरी जा. पोरीला त्या गोधडीवरून उचल. हे खरं रेडियम आहे, ते पोटात जायला नको."

तो हसला. "मावशी, मी दिवसभर रेडियमच कापतो. दातानं सुदिक सोलतो. काय झालं मला?"

"तुझं रेडियम प्लास्टिक आहे."

"अन् हे?"

"हे काय आहे ते मला नीट सांगता येत नाही. पण प्लास्टिक नाही."

मग हे केलं कशाला, असं विचारलं. तेव्हा त्यानं सांगितलं की मुंबईच्या एका गिऱ्हाइकानं फोनवर अट घातली होती. डायलला रेडियम असलं तरच घेतो म्हणाला. या डायलचा जुना रंग मेला होता, अंधारात चमकत नव्हता. संतोषला वाटलं, नवं टाकू. घरात रोल पडलेत. मुंबईवाल्याला मुळातला जुना रंग जागेवर हवा होता, मेलेला का असेना. दोघांनी फोनवर एकच शब्द वापरला आणि दोघं वेगळंच बोलत राहिले.

"बरं बरं, सांगतो रेखाला," म्हणून तो गेला. घरी नाही, दुकानाकडं गेला. मला गाडी वळताना दिसली.

मी घड्याळ स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावलं, हात धुतले आणि दुसरं काम घेतलं. एक बारका स्क्रू होता. तो दोनदा चिमट्यातून उडाला. संतोषला फोन केला तर उचलेना. गिऱ्हाईक आलं, त्याचा सेल बदलला आणि पट्टा बदललाच नाही, तो बाहेर जाऊन परत आला. मी पुन्हा फोन केला. एखाद्याला आपण फुकट घाबरवतोय असंही वाटत होतं. सासऱ्यांचा एक नियम, त्याच्या पलीकडं मला काय माहीत होतं?

मग दाभाडे आठवले. हे माझे जुने गिऱ्हाईक, चितेगावच्या एका कंपनीत कामाला. पाइपाचा जोड आतून पक्का आहे का ते हे लोक किरणांनी फोटो काढून बघतात, दवाखान्यात हाडाचा काढतात तसा. ते किरण बाहेर पसरले तर कळावं म्हणून त्यांच्याकडं एक मीटर असतं. किरण लागले की ते टकटक वाजतं. रेडियमजवळही ते वाजतं, असं एकदा त्यांनीच सांगितलं होतं.

त्यांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मावशी, गोधडी कुणी झटकली का?"

"माहीत नाही."

"झटकू देऊ नका. साहेबाला विचारून मीटर घेऊन येतो. पत्ता द्या."

मी दुकानाचं शटर ओढलं आणि डबा घेऊन रिक्षानं गारखेड्याला गेले.

संतोषची बायको रेखा भाजी निवडत होती. पोरगी गोधडीवर झोपली होती, मूठ तोंडाजवळ.

"रेखा, तिला उचल."

"मावशी, आत्ताशी डोळा लागलाय. दिवसभर छळलं तिनं."

"उचल आधी, मग सांगते."

"नजर-बिजर असलं तर मी मानत नाय, आधीच सांगते."

"मीही मानत नाही. उचल."

तिनं उचललं, पण तोंड फुगवून. पोरगी रडायला लागली. मी सांगितलं ते रेखानं ऐकलं आणि म्हणाली, "एवढंच ना? मग धुऊन टाकते." तिनं गोधडीची दोन टोकं धरली. आपल्याकडं बाई गोधडी उचलते ती झटकायलाच. मी तिचा हात धरला. जोरात धरला असेल. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं, आता ही बाई मला बाहेर काढणार.

तेवढ्यात दाभाडे आले, मागोमाग संतोषही. मी केलेले फोन बघून तो निघाला होता. "काय लावलंय मावशी हे? लोक बघायलेत," तो म्हणाला.

दाभाड्यांनी कुणाला काही समजावलं नाही. मीटर चालू केलं. दारात ते मधूनच एखादं वाजत होतं. तेवढं सगळीकडं वाजतंच, असं ते म्हणाले. मी डबा उघडला. मीटर घड्याळाजवळ जाताच तडतड सुरू झाली, तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशी.

"तुमचं रेडियम आणा," दाभाडे म्हणाले.

संतोषनं स्टिकरचा रोल आणला. मीटर त्यावर धरलं तर पुन्हा दारात वाजलं तेवढंच. संतोषनं रोल उलटा करून धरला. तरी तेवढंच.

"रंगाची चमक मरते, रेडियम मरत नाही," दाभाडे म्हणाले. "हे आपल्या पणतूंच्या पुढंही राहणार."

मग त्यांनी मीटर गोधडीवरून फिरवलं. एका कोपऱ्यात तडतडलं. टाक्यांच्या ओळींवर जास्त. मग पोरीच्या झबल्यावर, थोडं. रेखानं न सांगता झबलं काढलं. मग पोरीच्या तळहातावर. तिथंही जरासं वाजलं. संतोषनं हातातला रोल खाली ठेवला.

"साबणानं धुवा. चोळू नका, नुसतं धुवा," दाभाडे म्हणाले. मी पोरीचे हात धुतले, पुन्हा धुतले. मीटर धरलं, दारात वाजलं तेवढंच. तोंडाजवळ धरलं, तरी तेवढंच. रेखाचा हात तेव्हा माझ्या खांद्यावर होता, तिला ते कळलं नसावं.

गोधडी राहिली.

"माझ्या आईनं शिवलीय," रेखा म्हणाली. "ती गेली त्याच साली. भाऊ, धुतल्यावर जाईल ना?"

"टाक्यांत बसलंय वहिनी. धुतलं तर मोरीत जाईल, तिथून कुठं जाईल ते मी सांगू शकत नाही."

"कोपरा कापून?"

"कापताना उडेल."

दाभाड्यांनी गोधडीवर पाणी शिंपडलं, हळूच गुंडाळली आणि जाड प्लास्टिकच्या पिशवीत घातली. झबलं, ब्लेड, फरशी पुसलेलं फडकं आणि घड्याळही पिशवीत गेलं. कंपनीच्या सेफ्टीच्या साहेबांनी पुढं ते जिथं द्यायचं तिथं पत्र लिहून पाठवून दिलं. संतोषनं आज्याचं घड्याळ दाखवलं, त्याचं डायल पांढरं, बिनरंगाचं निघालं. तेवढं घरात राहिलं.

पोरीला डॉक्टरकडं नेलं. त्यांनी तपासलं, म्हणाले आज काही दिसत नाही, दाखवत राहा. दाखवत राहिले. ती आता कॉलेजात जाते आणि ठणठणीत आहे. भुगा पोटात गेला होता की नव्हता ते कुणी सांगू शकलं नाही. मुंबईवाल्याला संतोषनं फोन केला, तर तो म्हणाला, मूळचा रंग गेला म्हणजे घड्याळ गेलं. पोरीचं त्यानं विचारलंही नाही.

संतोष अजून माझ्याकडं येतो. रेखा येत नाही. रस्त्यात भेटली तर बोलते, पण गोधडी मी घालवली असं तिच्या मनात आहे. असू दे. ती पिशवी तिच्या दारातून माझ्यासमोरच बाहेर गेली.

त्यानंतर फोनवर काम घेणं मी बंद केलं. पॉलिश, सर्व्हिस, ओरिजिनल, रेडियम, गिऱ्हाईक काय वाटेल ते म्हणतं आणि ऐकणारा आपल्या दुकानात जे असतं तेच समजतो. मी म्हणते, नाव राहू द्या, वस्तू आणून टेबलावर ठेवा.