हंगेरियनमध्ये ‘जेवलीस का’

माझी नात माझ्याशी बोलत नव्हती असं नाही. रविवारी दुपारी फोनच्या पडद्यावर यायची, नाक काचेला लावायची आणि भरभर काहीतरी सांगत सुटायची. पण ते सगळं हंगेरियनमध्ये. माझा मुलगा कंपनीच्या कामासाठी तिकडे गेला, तिथल्याच मुलीशी त्यानं लग्न केलं, आणि घरात आईची भाषा चालू राहिली. पोरीला मराठी शिकवायचं मुलाच्या मनात फार आहे, वेळ नाही. तिला मराठीतला एकच शब्द येतो, आजी. तो मात्र खणखणीत म्हणते.

एका रविवारी ती बराच वेळ बोलली. हात पसरून काहीतरी मोठं दाखवलं. मग दोन्ही तळवे डोळ्यांवर ठेवले. मग गप्प बसून माझ्याकडे बघत राहिली. उत्तराची वाट बघत होती, एवढं मला कळलं.

"काय म्हणते रे?" मी मुलाला विचारलं.

तो तिच्या शेजारी बसून लॅपटॉपमध्ये काम करत होता. "काही नाही गं आई, बडबडतेय नुसती."

एवढे हात पसरून सांगितलं ते काहीच नाही कसं असेल? मला ते ‘काही नाही’ हवं होतं. दोन रविवार मी गप्प राहिले आणि मग मुलाला म्हटलं, मला तिची भाषा शिकव. तो हसला नाही. त्याला वेळ नव्हता, पण त्यानं तिकडून शोधून वारज्यातल्या एका बाईंचा पत्ता काढला. त्या नवऱ्याच्या नोकरीमुळे बरीच वर्षं हंगेरीत राहून आल्या होत्या आणि घरी शिकवण्या घेत.

आमच्या ह्यांना कळलं तेव्हा हे पेपर वाचत होते. पेपर खाली न घेताच म्हणाले, "शेजारी विरजण मागायला गेलीस तर दारात उभी राहून परत येतेस. मराठीत तरी कुणाशी बोलतेस का तू?"

खोटं नव्हतं ते. मी लहानपणापासून अशीच. चौथीत शाळा सुटली, तोवरही बाईंनी काही विचारलं की मान खाली. आता धायरीत एका मेसमध्ये पोळ्या लाटते, तिथंही मला कुणी फारसं बोलताना ऐकलेलं नाही. लाटणं फिरत राहिलं की बोलावं लागत नाही.

शिकवणी दुपारची होती. सकाळचे डबे गेले की मी हात धुऊन निघायची. बस बदलावी लागे. उन्हात उभं राहून पाय भरून येत, आणि बाईंच्या घरी पंख्याखाली बसलं की डोळे मिटायला लागत. पहिल्या दिवशी मी खरंच पेंगले. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"काकू, झोपायचं असेल तर आत दिवाण आहे. त्याची फी लागत नाही."

त्या माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, पण शिकवणाऱ्या म्हणून मी त्यांना बाईच म्हणायची. त्या मला काकू म्हणत. इंग्रजी अक्षरं मला नीट येत नाहीत हे पहिल्याच दिवशी उघडं पडलं, तेव्हा त्यांनी सगळं देवनागरीत लिहून दिलं. नॉज्जमॉमॉ म्हणजे आजी. सिया म्हणजे आपण भेटल्यावर नमस्कार म्हणतो तसं काहीतरी. त्या भाषेत प्रत्येक शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर पाय दाबून पुढे जायचं असतं. आणि काही स्वर असे की ओठ शिट्टी वाजवल्यासारखे पुढे काढावे लागतात. मला ते जमेना. जमेना म्हणजे, ओठ तसे करायचीच लाज वाटे. मी पदर तोंडावर घ्यायची आणि पदराआडून म्हणायची.

"पदर काढा," बाई म्हणायच्या. "मला ओठ दिसले पाहिजेत. इथं मी आणि कुंडीतली तुळस, दोघीच आहोत."

शब्द टिकत नसत. वारज्याहून निघताना डोक्यात असलेले धायरीला उतरेपर्यंत गळून जात. दुसऱ्या दिवशी पिठाचा गोळा हातात घेतला की त्यातला एखादा अचानक आठवे. मी तो ओठातल्या ओठात म्हणत राही, म्हणजे निसटणार नाही. माझ्या शेजारी लाटायला बसणारी म्हणाली, "काय गं, जप लावलास की काय? कुणाच्या नावाचा?" मी नुसती मान हलवली.

बाईंनी एकदा विचारलं, नातीशी बोलताना तुम्हाला सगळ्यात आधी काय म्हणायचंय? विचार करायची गरजच नव्हती. माणूस भेटलं की पहिलं काय विचारतात? जेवलीस का. बाईंनी लिहून दिलं, एट्टेल मार. बसमध्ये मी ते इतक्या वेळा म्हटलं की पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली.

त्या रविवारी नात पडद्यावर आली आणि मी म्हटलं, "एट्टेल मार?"

पोरीचं तोंड उघडंच राहिलं. मग ती खिदळली आणि ओरडून आईला बोलावलं. सून आली. मुलगा आला. मुलगा म्हणाला, "आई! तू बोललीस!" त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला रडू आलं. आमचे हे पलीकडच्या खुर्चीत होते, तेसुद्धा उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले.

नात म्हणाली, "नेम." म्हणजे नाही. तिकडे तेव्हा सकाळ असते, जेवणाची वेळ झालेली नसते, हे मला कळायला हवं होतं. पण मी सवयीनं गालावर हात ठेवला आणि म्हटलं, "अगं बाई! अजून उपाशी माझं लेकरू?" ते मराठीत. ते काय कुणी शब्दशः घेतं? आपल्याकडे भरल्या पोटाच्या पोरालाही आपण तसंच म्हणतो.

मग दर रविवारी मी तेच विचारायची. माझ्याकडे ते एकच वाक्य असं होतं, जे न अडखळता यायचं. बाकीची वाक्यं कशीबशी त्याच्यामागून यायची. नात कधी हो म्हणायची, कधी नाही. नाही म्हणाली की मी गालावर हात ठेवायची. काही आठवड्यांनी सून नातीच्या मागे उभी राहायला लागली. मी विचारलं की ती ताटली उचलून पडद्यासमोर धरायची. कधी पावाचे तुकडे, कधी सफरचंदाच्या फोडी. मला वाटलं, किती प्रेमानं दाखवते. मी मान डोलवून म्हणायची, छान, छान. एकदा ताटली रिकामी होती, नुसता चमचा. ती पण तिनं दाखवली. मी त्यालाही छान म्हटलं.

मग एक दिवस मुलाचा एकट्याचा फोन आला. कामाच्या दिवशी. मला वाटलं कुणाला बरं नाही.

"आई, तू ते जेवणाचं विचारणं बंद करशील का?"

"का रे?"

"पोरीच्या आईला वाटतं तू तिची परीक्षा घेतेस. ती पोरीला नीट खायला घालते की नाही ते तपासतेस. मी सांगितलं तिला, तसं नाही म्हणून. पण तू दर वेळी विचारतेस आणि मग गालाला हात लावतेस. कॉलच्या आधी ती पोरीला बळंच भरवत बसते, पोरगी रडते. परवा दोघी रडत होत्या."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"थोडे दिवस राहू दे कॉल," तो म्हणाला. "मी बघतो."

पुढचा रविवार तसाच गेला. त्याच्या पुढचाही. दोनच्या सुमाराला, कॉलच्या वेळी, हे टीव्हीचा आवाज कमी करत, मग पुन्हा वाढवत. एकदाच म्हणाले, "मीही तेच विचारलं असतं." त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

मला शिकवणी सोडायची होती. थकवा असा आला होता की बसची पायरी चढताना दांड्याला लोंबकळावं लागे. कशासाठी जायचं, कुणाशी बोलायचं? सांगायला म्हणून वारज्याला गेले आणि बाईंना सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या. माझ्याकडे बघितलं आणि हसणं थांबलं.

"दर वेळी विचारत होतात?"

"मग भेटल्यावर दुसरं काय विचारतात?"

"तिकडे नाही विचारत हो काकू. मी तुम्हाला सांगायला हवं होतं, डोक्यातच नाही आलं. इथं परत आल्यापासून मीही दिवसभर तेच विचारते." मग त्या म्हणाल्या, "नवीन गेले तेव्हा जिन्यात शेजारीण भेटली. मी तिला विचारलं, जेवलात का? ती घरात गेली आणि बिस्किटांचा पुडा घेऊन आली. तिला वाटलं मला भूक लागलीय आणि सांगायला लाजतेय."

"मुलगा सांगेल सुनेला समजावून," मी म्हटलं.

"सांगितलं की त्यानं. पटलं का?"

"नाही."

"मग तुम्ही सांगा. तुम्ही अजून किती वर्षं मुलाच्या तोंडानं बोलणार आहात?"

इतकं तोडून बोलल्या की मला राग आला. पण त्यांनी लगेच कागद ओढला आणि मी उठले नाही. तीन छोटी वाक्यं बसवली. आमच्याकडे हा नमस्कार असतो. मी तुला दोष दिला नाही. तू चांगली आई आहेस. तिसरं वाक्य म्हणताना माझा आवाज जाई. बाई म्हणाल्या, भिंतीला ऐकू जाईल इतका तरी काढा. नंतर दुसऱ्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं आणि तिथून ओरडल्या, "आता म्हणा!" मला दारापलीकडे पोचेल असं बोलावं लागलं. त्यांच्या ह्यांनी स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं. मी तरीही म्हटलं.

सुनेचा नंबर माझ्या फोनमध्ये पहिल्यापासून होता. मी तो कधी लावला नव्हता. मुलगा ऑफिसला असेल अशी वेळ बघून मी लावला. घरात कुणी नव्हतं. वाजत असताना वाटलं, उचलू नये तिनं.

तिनं उचलला. केस विंचरलेले नव्हते, खांद्यावर पोरीचा कसला तरी ओला कपडा. मला बघून ती घाबरली. तिनं मुलाचं नाव घेऊन काहीतरी विचारलं, त्याला काही झालं का, असं असावं. मी नाही म्हणून मान हलवली आणि पहिलं वाक्य म्हटलं. मग दुसरं. ती एकटक बघत होती. तिसरं माझ्या डोक्यातून पार गेलं. मी ओठ पुढे काढून बसले आणि काही आवाज निघेना. शेवटी उलटसुलट म्हणाले, आई तू चांगली, चांगली तू.

ती बोलायला लागली, भरभर, डोळे पुसत. मला काही कळत नव्हतं. मी म्हटलं, "लॉश्शॉन." सावकाश.

ती थांबली. श्वास घेतला आणि दोनच शब्द बोलली. फारॉत वॉज्योक. मी दमलेय.

ते मला पूर्ण कळलं. मधे कुणी सांगायला नसताना कळलं. मी म्हटलं, "एन इश." मीपण.

आम्ही दोघी तशाच बसलो. तिच्यामागे खिडकीत पांढरा उजेड होता, माझ्याकडे बाहेर भाजीवाला ओरडत होता. बोलायला दोघींकडेही काही नव्हतं, आणि फोन ठेवावा असंही कुणाला वाटत नव्हतं.

मग नात धावत आली आणि आईच्या मांडीवर चढली. आजी म्हणाली आणि लगेच तिचं सुरू झालं, हात, डोळे, सगळं. एरवी सून तिला फोनसमोर बसवून उठून जायची, नाहीतर मागे ताटली घेऊन उभी राहायची. या वेळी ती जागची हलली नाही. पोरीनं एक वाक्य म्हटलं, मला कळलं नाही. सुनेनं तेच वाक्य सावकाश म्हटलं, एकेक शब्द सुटा करून. तरी कळलं नाही. मी तोंड कसनुसं केलं. तिनं पोरीचा हात धरून थांबवलं, माझ्याकडे बघितलं आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरुवात केली.