पेडल सोड

या सदरातले अनुभव मी वाचते, पण वाचताना माझं डोकं वायरिंग शोधत असतं. दिवे आपोआप लागले? न्यूट्रल लूज असेल. बंद रेडिओ बोलला? अर्थिंग बघा. महाळुंग्याच्या एका कंपनीत मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. आयटीआय झाल्यापासून हेच काम. भुताखेतांवर विश्वास ठेवायला कधी सवड मिळाली नाही, आणि आजही ठेवत नाही. जे झालं तेवढं लिहिते.

महेश माझा धाकटा भाऊ. आम्ही लातूरकडचे. त्याला इकडे मीच आणलं आणि आमच्याच कंपनीत प्रेसवर लावलं. प्रेस म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढायची मशीन. महेश माउथ ऑर्गन फार चांगला वाजवतो. माइक आणि माउथ ऑर्गन दोन्ही हातांच्या ओंजळीत धरायचे, ओंजळ मिटली-उघडली की आवाज बदलतो. म्हणजे त्याचं पोटही हातांवर आणि हौसही हातांवर.

आमच्याकडे खंडेनवमीला मशीन बंद ठेवून पूजा होते, नंतर शॉपमध्येच, म्हणजे मशीनच्या शेडमध्येच कार्यक्रम. त्यात वाजवायला त्याने सेकंडहँड इफेक्ट पेडल आणली. पायाने दाबायच्या लोखंडी डबड्या त्या. एक ऑक्टेव्ह, सुराखाली जाड सूर लावणारं. एक ओव्हरड्राइव्ह, आवाज फाडणारं. एक डिले, वाजवलेलं परत परत ऐकवणारं. ती माइक आणि स्पीकरच्या मध्ये जोडायचं काम अर्थातच माझं. रविवारी दुपारी माझ्या चऱ्होलीच्या फ्लॅटवर आम्ही बसलो.

“डिले आधी लाव, ओव्हरड्राइव्ह नंतर,” महेश म्हणाला.

“उलटं होतंय ते. आधी आवाज फाडायचा, मग तो परत ऐकवायचा. तू म्हणतोस तसं केलं तर सगळे प्रतिध्वनी एकत्र फाटतील. नुसता चिखल. आणि जे बारीक असतं तेही मोठं होऊन येईल.”

“तेच तर पाहिजे मला. बाई, सकाळी नळाला आलेल्या प्लंबरला पण शिकवलंस, आता मला पण शिकवायलीस.”

लावलं त्याच्या मनासारखं. त्याने डिलेवर पाय ठेवून एक खालचा सूर लांबवला आणि तोंड बाजूला घेतलं. सूर परत आला. परत आला. मग सुराच्या जागी किर्र... असा आवाज झाला, आणि धाड.

शॉपमधली प्रत्येक प्रेस मी आवाजावरून ओळखते. ती चार नंबर होती. त्यामागून एका बाईचा फाटलेला आवाज – “पेडल सोड, म्हेश्या, पेडल सोड...”

माझा आवाज.

महेशने चटका बसल्यासारखा पाय उचलला. तरी दुसरी धाड आलीच. तिच्यात काहीतरी ओलं चिरडलं. मग एक माणूस गुरासारखा ओरडायला लागला आणि थांबेचना. मी माइकची वायर उपटली. चालूच. अडॅप्टर ओढला, तेव्हा बंद झालं.

“हे कधी बोललीस तू?” महेशचं तोंड पांढरं पडलं होतं.

“मी नाही बोलले.”

“मग आधीच्या मालकानं रेकॉर्ड केलं असंल.”

“त्याला म्हेश्या कोण ते काय माहीत?”

त्याने डिले उचलून भिंतीवर हाणलं. गिलावा निघाला, डबडीला काही झालं नाही. तो गेल्यावर मी ती उघडून पाहिली. सेकंदभराचा आवाज मावेल एवढीच तिची कुवत. त्यापुढे काही साठवायची सोयच नाही.

कामावर गेल्या गेल्या मी चार नंबर तपासली. जुनी मशीन. पायाखालचं पेडल दाबलं की एकदा खाली येते, पेडल सोडलं की वर थांबते. पत्र्याचा जॉब बसत नाही म्हणून हात अडवणारी पुढची जाळी कधीच काढलेली. इलेक्ट्रिकलमध्ये दोष नव्हता. तरी मी सुपरवायझर घुल्यांना म्हटलं, क्लच उघडून बघू या.

“मॅडम, पूजेच्या आधी डिस्पॅच काढायचाय. काय झालंय तिला?”

काय सांगणार? माउथ ऑर्गनमधून ऐकलं म्हणून?

“जाळी तरी बसवा.”

“बसवू की. खंडेनवमी झाली की.”

महेशला म्हटलं, त्या मशीनवर बसू नकोस. तो म्हणाला, “बस म्हणतेत तिथं बसावं लागतंय, ताई.” मग मी शेजारच्या पॅनेलचं काम काढलं आणि तिथेच घुटमळत राहिले. पूजेच्या आदल्या दिवशी, भर सकाळच्या शिफ्टला, मागून किर्र ऐकू आलं.

मी वळले. पहिली धाड झाली होती. महेशचा पाय पेडलवरून निघाला होता आणि हात पार्ट काढायला आत चालला होता. “पेडल” हा शब्द माझ्या दातांपर्यंत आला. पण रविवारी त्याने पाय उचलला होता, आणि तरी दुसरी धाड आली होती...

मी त्याचे केस आणि कॉलर धरून अंगातलं सगळं बळ लावून मागे ओढलं. त्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं, दात तुटला. आम्ही दोघं स्क्रॅपच्या पेटीवर आदळलो आणि त्याचा खांदा निखळला. प्रेस पेडल न दाबता दुसऱ्यांदा खाली आली. त्याचा हातमोजा आत राहिला होता. तो पत्र्यासकट कागदासारखा सपाट झाला.

“आयला, येडी झालीस का?” एवढंच महेश म्हणाला. मग त्याला हातमोजा दिसला आणि तो तिथेच ओकला.

मी तोंडातलं रक्त थुंकून मशीन बंद केली. घुले धावत आले. “कुणी बंद केली? मॅडम, डिस्पॅच...” माझ्या हातात पाना होता. तो मी त्यांच्या डोक्यात घातला. हेल्मेट तडकलं, माणूस वाचला. दुसरा मारणार होते, पोरांनी धरलं. त्याबद्दल मला मेमो मिळाला, आणि तो मी सही करून घेतला.

क्लच उघडला तेव्हा आतली चावी, म्हणजे क्लच अडकवणारा-सोडवणारा लोखंडी तुकडा, तुटलेली निघाली. म्हणून मशीन डबल मारत होती. प्रेसचं कोडं सुटलं. डिलेचं नाही. ती डबडी दोन ठिकाणी दाखवली, दोघांनीही नॉर्मल आहे म्हणून परत दिली. महेशचा खांदा बसला. तो परत वाजवतो, पण डिले न लावता.

मला एकच गोष्ट बसवता येत नाही. प्रतिध्वनी यायचा तर आधी मूळ आवाज व्हावा लागतो. त्या दिवशी “पेडल सोड” असं मी ओरडलेच नाही. महेशही तसा ओरडला नाही. मग आम्ही ऐकलं ते कुठे झालं, कुणाला झालं... मला माहीत नाही. एवढंच वाटतं, की कुठेतरी मी त्याला पेडल सोडायला सांगितलं, आणि त्याने माझं ऐकून पाय उचलला, हात मात्र आतच राहिला.