खाली पडलेला दाणा

बेबीनंदाचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. पाणी, भाकरी, लेकीचा डबा. आठच्या ठोक्याला ती जालना एमआयडीसीतल्या आमच्या बियाणे कारखान्यात तुरीच्या ढिगापुढं बसलेली असायची. तिचं काम दाणे निवडायचं, माझं पोती उचलायचं. अकरा वर्षांत ती उशिरा आलेली मी पाहिली नाही.

नाहिद नावाची पोरगी कामाला नवीन लागली, तेव्हाची गोष्ट. तिसऱ्याच दिवशी तिनं जमिनीवर सांडलेली तूर ओंजळीनं गोळा केली आणि पांढऱ्या तुरीच्या पोत्यात टाकली. सांडलेली तूर लाल होती. घरात सांडलेलं धान्य उचलून परत डब्यात टाकतात. बियाण्यात तसं केलं की वाणात भेसळ होते. अख्खं पोतं बाद.

अकराच्या सुमारास सुपरवायझर तातेराव आले. "कुणाचा प्रताप हा?"

नाहिद रडायलाच लागली. "अनाज पायाखाली येऊन राह्यलं होतं, साहेब."

"उद्यापासून येऊ नको."

बेबीनंदा उठली. "साहेब, तिला शिकवायचं काम माझ्याकडं दिल्तं. मी सांगितलंच न्हाई. चूक माझी हाये."

"मंग तुम्ही पण घरी बसाल, मावशी! सहापर्यंत पोतं साफ करा, न्हाई तर दोघींना कायमची सुट्टी."

त्याच महिन्यात तिला लेकीची, साक्षीची, नर्सिंगची शेवटची फी भरायची होती. काम सुटलं तर पोरीचं वर्ष बुडणार, हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. तिलाही उठताना माहीत होतं.

मी पोतं रिकामं करून दिलं. दोघी समोरासमोर बसल्या. हात थांबू नयेत म्हणून जेवायलाही एकेक करून उठल्या.

"तू आधी खा," बेबीनंदा म्हणाली. "उपाशी डोळ्याला लाल-पांढरं कळत न्हाई."

मी तीस वर्षं पाठीवर पोती वाहिली. पण मान न उचलता सात तास दाणा दाणा पाहणं मला झालं नसतं.

सहाला तातेरावांनी तीनदा पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. मूठ उघडून पाहिली. लाल दाणा नव्हता.

"पोतं शिवून घ्या," एवढंच म्हणाले.

बेबीनंदा पदर झटकत नाहिदकडं वळली. "उद्या आठला ये. सव्वाआठला न्हाई."

फी वेळेवर भरली गेली. उरलेल्या पगारात बेबीनंदानं मस्तगडच्या दुकानातून साक्षीला ड्युटीचे पांढरे बूट घेतले. भाव सोबत गेलेल्या नाहिदनं पाडला.