भीमथडी की काठेवाडी

जनावरांचा डॉक्टर म्हणून माझी सगळी नोकरी गाई-म्हशींत गेली. घोड्यांचं ज्ञान पुस्तकातलं. म्हणजे अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस. पण कुणी विचारलं की "माहीत नाही" म्हणताना माझी जीभ जड होते.

कागलजवळ आमचं रान आहे. पीक निघालं की खतासाठी तिथं मेंढरं बसवतो. तीनेक वर्षांमागं आलेल्या मेंढपाळांत एक म्हातारी होती, तिचा मुलगा होता, आणि सगळा संसार पाठीवर वाहणारी घोडी. घोडीचं दीड वर्षाचं शिंगरू म्हातारीच्या मागं मागं फिरायचं. ती त्याला आपल्या ताटातली भाकरी भरवायची.

एका सकाळी मुलगा म्हणाला, "सायब, एक पावणं शर्यतीच्या गाडीला शिंगरू मागाय लागल्यात. काठेवाडी असलं तरच नेणार, भीमथडी नगं म्हणत्यात. तुमी बगून सांगा की."

म्हातारी चुलीपाशी बसली होती. शिंगरू द्यायचं तिच्या मनात नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. ती विझलेली लाकडं उगाच पुढं-मागं सारत राहिली.

दोन्ही जाती अंगानं लहान आणि काटक. मी वाचलेला फरक एवढाच, की काठेवाडीचे कान आत वळून टोकाला टोक लावतात, भीमथडीचे तसे वळत नाहीत. मी शिंगराजवळ गेलो आणि जोरात टाळी वाजवली. कान ताठ झाले, टोकं जवळ आली.

"काठेवाडी," मी ऐटीत सांगितलं. दुसऱ्या दिवशी टेंपो येऊन शिंगरू घेऊन गेला.

पुढच्या वर्षी तीच माणसं आली, घोडीही तीच. सोबत नवं शिंगरू होतं. मी बांधावर चहा पीत बसलो होतो. ते आईला टेकून निवांत उभं होतं, कान सरळ, एकमेकांपासून चांगले लांब. तेवढ्यात कुत्रं भुंकलं. घोडी आणि शिंगरू, दोघांचेही कान ताठ झाले, टोकं जवळ आली. कुत्रं गप्प झालं तसे पुन्हा सरळ. दचकलं की कुठलंही घोडं असंच करतं, आणि मी त्या पहिल्याला दचकवून त्याची जात सांगितली होती.

मला फार लाज वाटली. मी उठून म्हातारीकडं गेलो आणि सरळ सांगून टाकलं, "आक्का, गेल्या वर्षीचं शिंगरू भीमथडीच होतं. माझं चुकलं."

ती लोकर निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"तुमचं न्हवं, माजं चुकलं," ती म्हणाली. "माज्या सासूपासनं हीच जात हाय आमच्यात. मला ठावं हुतं. तुमी शिकल्यालं, म्हणून म्या गप बसले."